सकाळची पट्टी

फजरची नमाज झाली की आमच्या घरात पुढचं काम लघवी तपासायचं. धाकट्याची पहिली लघवी एका डबीत घ्यायची, त्यात पट्टी बुडवून काढायची, जरा थांबायचं आणि बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायचं. पिवळी राहिली तर निल. हिरवी होत गेली तर ट्रेस, एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस. मग वहीत तारीख, निकाल आणि गोळीचा डोस. पट्टी मी धरतो, वही त्याची अम्मी लिहिते आणि निकाल तो स्वतः गोधडीतूनच विचारतो, "अब्बू, निल?"

तो आता नऊ वर्षांचा आहे. चार वर्षांचा असताना एका सकाळी डोळे सुजून उठला. आम्हाला वाटलं, रात्री काहीतरी चावलं असेल. चार दिवसांनी पाय सुजले, मोज्याचा वण तासन् तास जाईना, पोट फुगलं. नाशिकच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि नाव सांगितलं, नेफ्रोटिक सिंड्रोम. मूत्रपिंडातली गाळणी सैल होते, रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं आणि पाणी अंगात साचतं. औषध म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या. पहिल्या वेळी सहा आठवडे रोज, पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड. बहुतेक मुलांना या गोळीने उतार पडतो, पण आजार परत परत उलटतो. मोठं होता होता बऱ्याच मुलांचा तो सुटतो, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'होता होता'वर आमचं घर पाच वर्षं चाललं आहे.

गोळ्या सुरू असल्या की पोराचं तोंड गोल होतं, भूक आवरत नाही, चिडचिड वाढते. लग्नात नातेवाईक गाल ओढून म्हणतात, "माशाल्लाह, तब्येत छान झाली!" त्याची अम्मी हसून घेते आणि घरी आल्यावर गप्प बसते. सूज असेपर्यंत मीठ कमी, म्हणून पापड-लोणचं सगळ्यांचंच बंद होतं. एकट्याचं ताट वेगळं करायचं नाही, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ठरवलं.

मागच्या जुलैत तो गल्लीतल्या पोरांबरोबर भर पावसात फुटबॉल खेळला. दोन दिवसांनी सर्दी झाली. आठवड्याभरात पट्टी हिरवीगार, सलग तीन दिवस तीन प्लस. म्हणजे आजार उलटला. मी काही बोललो नाही, चेंडू उचलला आणि माळ्यावर टाकला. त्यानं मागितलाही नाही. संध्याकाळी तो ओट्यावर बसून दुसऱ्यांचे गोल मोजायचा.

हे मी केलं, याचं आज नवल वाटतं. कारण माझं सगळं पोरपण चेंडूमागे गेलं. ओझरला एचएएलचा विमान कारखाना 1964 पासूनचा, मिग विमानांसाठी आलेला. म्हणून आजही लोक 'ओझर मिग' म्हणतात. कारखान्यामुळे देशभरची माणसं इथं आली. त्यातले केरळचे एक साहेब संध्याकाळी गावातल्या पोरांनाही खेळायला घ्यायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. निम्मे अनवाणी. मी डावा बॅक. वरून विमान गेलं की आवाजात शिट्टी ऐकू यायची नाही, तेव्हा झालेला गोल धरायचा की नाही यावर भांडणं व्हायची. अब्बांचं सायकलचं दुकान होतं. चेंडूचा ब्लॅडर फुटला की ते सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्यूशन लावून चिकटवायचे आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहायचे. पैसे घ्यायचे नाहीत, पण म्हणायचे, "तुझ्या गणिताचं पंक्चर कोण काढणार?"

सर खेळ संपल्यावर रहीम साहेबांच्या गोष्टी सांगायचे. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे. मूळचे शाळामास्तर, पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपला संघ चौथा आला तो त्यांच्या हाताखाली. 1962 च्या जकार्ता एशियाडच्या वेळी त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग होता. तिथे बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. रहीम साहेबांनी त्यांना बाहेर बसवून ठेवलं नाही, पुढच्या फळीत खेळवलं. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना भारतानं 2-1 असा जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा. पुढच्या जूनमध्ये रहीम साहेब वारले. आम्हा पोरांना तेव्हा त्या टाक्यांचंच अप्रूप होतं.

या रमजानमध्ये पोरानं रोजा धरायचा हट्ट केला. मी समजावलं, तू लहान आहेस, शिवाय आजाऱ्याला अल्लाहनं सूट दिली आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोज्याची सूट अल्लाहनं दिली. फुटबॉलची कुणी दिली?" अम्मी स्वयंपाकघरात हसली. मला हसू आलं नाही.

ईदनंतर तपासणीला गेलो तेव्हा त्यानं डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "अंगावर सूज नसेल, पट्टी निल असेल तर खुशाल खेळ. आजार खेळण्यानं उलटत नाही. सर्दी-तापाचं निमित्त होतं बऱ्याचदा, आणि ती कुठूनही लागते."

रात्री मी वही काढली. जुलैची पानं उलटली. पावसातल्या खेळाच्या तीन दिवस आधी बायकोच्या अक्षरात एक ओळ होती: "निल. अब्बूंना सर्दी-ताप, शाळेत साथ आहे." मला आठवलं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्या आठवड्यात शिंकत होती, मीही शिंकत घरी येत होतो आणि पोराला मांडीवर घेऊन अलिफ-बे गिरवून घेत होतो. सर्दी त्याला माझ्याकडून लागली असेल किंवा नसेल. खात्रीनं कोण सांगणार? पण चेंडूवर मी एकदाही शंका घेतली नव्हती, सरळ शिक्षाच दिली होती. आणि माझा मास्क? तो खुंटीवर.

बायकोला ओळ दाखवली. म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं." मग बोलली का नाहीस? "तुम्ही आधीच रात्र रात्र जागत होता."

दुसऱ्या दिवशी चेंडू माळ्यावरून काढला. पार बसला होता. अब्बांचं दुकान आता नाही, हायवेजवळच्या एका दुकानात हवा भरून आणली. आमचे नियम ठरले. निल असेल तर पूर्ण खेळ. ट्रेस असेल तर गोलकीपर. हा नियम डॉक्टरांचा नाही, आमचाच. घरात कुणाला सर्दी झाली तर त्या माणसानं मास्क लावायचा, खेळ बंद करायचा नाही.

आजार गेलेला नाही. पुन्हा उलटेल तेव्हा उलटेल, गोळ्या कपाटात आहेत. काल पट्टीला किंचित हिरवी झाक होती. मी उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहत होतो. तो उठून जवळ आला, बाटलीवरचा रंग त्यानंच जुळवला आणि म्हणाला, "ट्रेस. मग माझे हातमोजे कुठे आहेत?"