पिलांवरची मरळ

आमच्या गावाच्या उत्तरेला एक तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात गावच्या माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून त्याचा बांध घातला, एवढाच त्याचा इतिहास. पाऊस चांगला झाला तर पाणी बाभळींच्या बुंध्यांना लागते. वैशाखात पाहाल तर म्हशींना डुंबण्यापुरते उरते. इतक्याशा पाण्याविषयी कोणी काही लिहावे असे त्यात नाही. पण माझे कितीतरी रविवार त्या बांधावर गेले आहेत, आणि अलीकडे तिथून परतताना माझे मन मला खात असते. म्हणून हे लिहितो आहे.

गळ टाकायला मला वडिलांनी शिकवले. बांबूची काठी, ज्वारीच्या ताटातल्या भेंडाचा तरंगा आणि डबीत ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे, एवढाच आमचा सरंजाम. वडील बोलत थोडे. मासे धरण्याविषयी त्यांचा नियमही एकच होता: "पिलांवरची मरळ धरायची नाही."

मरळ हा मासा मोठा रागीट. पावसाळ्यात अंडी घातली की नरमादी त्यांची राखण करतात. पिले बाहेर पडली म्हणजे त्यांचा तांबडालाल घोळका पाण्यावर असा दिसतो, की कुणाच्या हातून कुंकवाची डबी सांडली असावी. थोड्या थोड्या वेळाने तो श्वास घ्यायला वर येतो आणि पाणी बारीक बारीक उकळल्यासारखे दिसते. त्याच्या खाली, काळोखात, आईबाप फिरत असतात. वरून बेडूक जावो की वाळकी काटकी, मरळ तिच्यावर तुटून पडते. भुकेने नव्हे, संतापाने. तेव्हा तिला धरणे सर्वांत सोपे. वडिलांचा नियम नेमका तेवढ्यासाठी होता.

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या गळाला एक मरळ लागली, माझ्या हाताएवढी लांब. एका सहकाऱ्याने तिच्यासकट माझा फोटो काढला. मला तो आवडला, हे कबूल करायला हवे. फोनवरून तो तालुक्यापर्यंत गेला, आणि पुढच्या रविवारी बांधावर मोटारसायकली उभ्या राहिल्या. तोवर तिथे दोन-तीन काठ्या दिसत. आता वीस-पंचवीस दिसू लागल्या. बांबू गेला, चक्रीच्या काठ्या आल्या, रबरी बेडूक आले. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच मासे मिळाले. दुसऱ्या वर्षी मिळाले ते वीतभर. तिसऱ्या वर्षी रबरी बेडकामागून पाण्यात एक रेघ येई, हातभर अंतरावर थबके, आणि वळून निघून जाई. मोठ्या धरणात माशाला लपायला कोपरे असतात. आमच्या तलावात उन्हाळा लागला की सगळे मासे एकाच डबक्यात गोळा होतात. तिथे जाणार कुठे?

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याला ही रड ऐकवली, तेव्हा त्याने तिकडच्या एका लहान तळ्याची हकीगत कळवली. इलिनॉय राज्यात रिज लेक म्हणून तळे आहे. तिथे बास जातीच्या माशांवर शास्त्रज्ञांनी चार वर्षे पहारा ठेवला. जो मासा गळाला लागेल त्याला खूण करायची, नोंद करायची आणि परत सोडायचे. एक मासा तर एका वर्षात १६ वेळा धरला गेला! चार वर्षांनी तळे उपसले, तेव्हा १७०० हून अधिक मासे निघाले. त्यांतले सुमारे २०० चार वर्षे त्याच पाण्यात राहूनही एकदासुद्धा गळाला लागले नव्हते. मग गळाला चटकन लागणाऱ्यांचा आणि न लागणाऱ्यांचा असे दोन वंश वेगळे वाढवले. तीन पिढ्यांत फरक वाढत गेला. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे गळाला लागणे हा नुसता योगायोग नव्हे, तो काही अंशी रक्तातही असतो.

पण मला झोंबली ती पुढची गोष्ट. बास माशात घरटे राखतो तो बाप. २०१२ मध्ये असे दिसून आले की जे नर गळावर धावून येतात, तेच पिलांची राखण अधिक नेटाने करतात. गळ त्यांनाच आधी उचलतो. तळ्यात मागे राहतात ते सावध मासे. चांगले बाप कमी होत जातात.

हे वाचून मी फोन खाली ठेवला, कारण मला एक श्रावणातला रविवार आठवला. बांधावर बरीच मंडळी होती आणि सकाळपासून माझा तरंगा हलला नव्हता. माझा फोटो पाहून आलेल्या लोकांसमोर रिकाम्या हाताने उठण्याची मला लाज वाटली. पलीकडे लाल घोळका वर आला, आणि मी त्याच्यावर गळ टाकला. पाणी फुटले. चार माणसांनी शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी शाळेआधी जाऊन पाहिले, तर घोळका कुठेच नव्हता. काठाशी चिलापीच तेवढ्या फिरत होत्या.

यंदाच्या पावसाळ्यात पुष्कळ दिवसांनी तसा एक घोळका दिसला. आठवीतला माझा एक विद्यार्थी त्याच्यावर नेम धरून उभा होता. मी वडिलांचा नियम सांगितला. तो नम्रपणे म्हणाला, "सर, मी नाही धरली तर दुसरा कोणीतरी धरेलच की."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला माझी हकीगत सांगितली. फोटोची आणि त्या रविवारचीही. विद्यार्थ्यापुढे अशी कबुली देण्याची सवय आम्हां मास्तरांना नसते. तो ऐकत होता, पण त्याची नजर पाण्यावरून हलली नाही. त्याने काठी गुंडाळली नाही. मात्र थोड्या वेळाने उठला आणि दहा-पंधरा हात पलीकडे, जिथे घोळका नव्हता तिथे, जाऊन बसला.

अंधार पडेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. काठी त्या दिवशी मी घरीच ठेवून आलो होतो.