बेडकी आणि गोगलगाय

ती. दादा,


पेरणी जवळ आली की पोटात गोळा येतो, असं तू फोनवर म्हणालास. २०२२ च्या जुलैत लातूर-बीडकडे कोवळं सोयाबीन गोगलगायींनी कसं फस्त केलं, ते कोण विसरेल? सध्या मी त्या शंखी गोगलगायीबद्दल वाचतेय, आणि जोडीला कोस्टा रिकातल्या एका विषारी बेडकीबद्दलही. ओल दोघींनाही लागते, पण संसार अगदी उलटे.

ती स्ट्रॉबेरी बेडकी जेमतेम दोन सेंटिमीटरची, लालभडक, पाय निळे. पाल्यात मोजकी अंडी घालते, नर ती ओली ठेवतो. पिल्लं निघाली की आई एकेकाला पाठीवर घेऊन झाडावर चढते आणि पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात वेगवेगळं सोडते. मग दर थोड्या दिवसांनी तिची फेरी. ती आली की बेडूकमासा अंग ताठ करून थरथरतो, आणि ती त्याच्यासाठी न फळलेलं अंडं घालते. तेच त्याचं जेवण. आईचं विषही त्याला त्यातूनच मिळतं. ते विष मुळात तिचं नाहीच. रानातल्या कोळी किडी आणि मुंग्या खाऊन अंगात साठलेलं. काचेच्या पेटीत दुसरं खाणं घालून वाढवलेल्या बेडकांत ते नसतं. इवल्याशा किडींवर त्या जिवाची सगळी सुरक्षा उभी आहे, याचं मला फार वाटतं.

गोगलगायीचं असं कुठेच अडत नाही. मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने कलकत्त्याच्या एका बागेत सोडली. नर-मादी एकाच अंगात, त्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालणार. एका वेळी शंभर-दोनशे, आणि पुन्हा वळून बघणार नाही. उन्हाळाभर शंखाचं तोंड पापुद्र्याने बंद करून पडून राहते.

तिला खाणारी दुसरी गोगलगाय आणा, असं कुणी सुचवलं तर मुळीच ऐकू नकोस. ताहिती बेटावर १९७० च्या दशकात तसं केलं, आणि त्या पाहुणीने तिथल्या मूळच्या छोट्या पार्टुला गोगलगायींचाच फडशा पाडला.

तू अंडी गाठ. बांधाला, पाल्याखाली, भुसभुशीत मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर दिसतील. पाऊस पडला की संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती ठेव, सकाळी खाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाक. हातमोजे घालूनच. आणि शेजारच्या रानातही त्याच दिवशी वेचणी व्हायला हवी, नाहीतर बांध ओलांडून परत येतील. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी