शिल्लक की बाकी?

आमच्या मानपूरपासून जवळच जानापावची टेकडी आहे. तिथे चंबळ नदी उगम पावते. पुढे सुमारे ९६० किलोमीटर वाहत जाऊन ती उत्तर प्रदेशात यमुनेस मिळते. वाटेत कोट्याला तिला बंधारा आडवा येतो, कुठे ती खोल दऱ्यांतून धावते, कुठे संथ पसरते. ज्याने जो घाट पाहिला, त्याला तीच चंबळ वाटते. उगमापर्यंत जाण्याची तसदी थोडेच लोक घेतात. शब्दांच्या बाबतीत आम्हीही असेच आळशी होतो. तो आळस आमचा कसा सुटला, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या भोजनखर्चाचा हिशेब ठेवणारा संगणकाचा प्रोग्रॅम दुरुस्त करण्याचे काम आमच्याकडे आले. तो दुसऱ्या कोणी लिहिलेला होता आणि लिहिणारे गृहस्थ काम सोडून गेले होते. ज्यांच्याकडे पैसे येणे आहेत, त्यांच्या पालकांना स्मरणपत्रे जावीत, एवढेच आम्हांस करावयाचे होते. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक विद्यार्थ्यापुढे 'बॅलन्स' या नावाने एक रक्कम ठेवलेली दिसली. दोन-तीन ठिकाणी तो शब्द वाचला, आणि 'बॅलन्स म्हणजे बाकी' असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. ज्याचा बॅलन्स शून्याहून अधिक, त्याला पत्र जावे, अशी योजना केली. पत्रे गेली.

चौथ्या दिवशी एक वयस्कर शेतकरी वसतिगृहात आले. पहाटेच्या मोटारीने निघाले असावेत. फडक्यात बांधलेल्या साऱ्या पावत्या त्यांनी टेबलावर एकेक करून मांडल्या आणि शांतपणे विचारले, "साहेब, पुढच्या महिन्याचे पैसेसुद्धा मी भरून ठेवले आहेत. मग माझ्यावर बाकी कशी निघते, ते जरा दाखवाल का?"

आम्ही प्रोग्रॅम उघडला. त्या नावावर खूण ठेवून 'एफ १२' ही कळ दाबली. क्षणार्धात पडद्यावर ती ओळ आली, जिथे 'बॅलन्स' या नावाची व्याख्या केली होती: आगाऊ भरलेली रक्कम, वजा आजवरचा खर्च. म्हणजे ती बाकी नव्हेच, ती शिल्लक! ज्यांनी अधिक पैसे भरले, नेमके त्यांनाच आम्ही देणेकरी ठरविले होते, आणि ज्यांच्याकडे खरोखर येणे होते, त्यांना पत्र गेलेच नव्हते. आपल्या मराठीत 'शिल्लक' आणि 'बाकी' हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीतील 'बॅलन्स' दोन्ही अर्थ पोटात घालून बसतो. एक कळ दाबण्याचा आम्ही कंटाळा केला, आणि एका प्रामाणिक माणसाला पावत्यांचे गाठोडे घेऊन यावे लागले. त्या दिवशी आम्हांस मान वर करवेना.

ही कळ काय करते, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. मोठ्या प्रोग्रॅममध्ये हजारो ओळी असतात आणि त्या अनेक फायलींत विभागलेल्या असतात. एखादे नाव नुसते शोधू गेल्यास ते जिथे जिथे वापरले असेल, ती सारी स्थळे समोर येतात. त्यांत व्याख्येचे स्थळ कोणते, हे आपणच निवडावे लागते. यावर १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या परिसरात केन अर्नोल्ड यांनी 'सीटॅग्ज' नावाचे साधन तयार केले. ते सर्व फायली आधीच वाचून एक सूची बनवी: अमुक नाव, अमुक फाइल, अमुक ओळ. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही. पुढे साधने अधिक जाणती झाली. एका वर्गात दोन 'जोशी' असले तर गुरुजी हजेरीक्रमांकावरून ओळखतात, तद्वत् एकाच नावाच्या दोन वस्तूंपैकी येथे कोणती अभिप्रेत आहे, हे ती संदर्भावरून ठरवितात. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने इतर कंपन्यांसह यासाठी एक सामायिक संकेत जाहीर केला. त्यायोगे एका भाषेसाठी केलेली ही सोय अनेक एडिटरांस वापरता येऊ लागली. व्याख्या पाहून झाल्यावर पूर्वीच्या जागी परतण्याचीही कळ असते. जाणे जितके महत्त्वाचे, तितकेच परतणेही; नाहीतर माणूस उगम पाहावयास जातो आणि प्रवास कुठवर आला होता, हेच विसरतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या अगदी आरंभी 'वृद्धि' आणि 'गुण' या संज्ञांच्या व्याख्या दिल्या, आणि मग सुमारे चार हजार सूत्रांत अशा संज्ञा निःशंकपणे वापरल्या. तेव्हाच्या शिष्याजवळ कळ नव्हती. पाठांतर हीच त्याची सूची. पुढे मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, आणि १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग निघाले. एकेका शब्दाच्या उगमापर्यंत आम्हांस पटकन पोहोचता यावे, म्हणून किती माणसांनी किती वर्षे वेचली!

तरीही आम्ही अंदाजानेच चालतो. घरातील जुने पत्र काढा. मायन्यात 'सा. न. वि. वि.' असे दिसेल. आम्ही एकदा घरातील मुलांना त्याचा अर्थ विचारला. सर्वांनी ती अक्षरे पाहिली होती. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे एकालाही सांगता आले नाही. छापील अक्षरांसाठी कोश आहेत. परंतु आपल्या आजीच्या बोलण्यातील एखादा माळवी वळणाचा शब्द, आजोबांच्या वहीतील एखादी खूण, यांची व्याख्या कोणत्याही फायलीत नसते. ती त्या माणसाजवळच असते, आणि माणूस गेल्यावर कोणतीही कळ तिथवर नेत नाही. ते आहेत तोवर विचारून, लिहून ठेवावे.

असो. त्या शेतकऱ्यांची आम्ही क्षमा मागितली. ज्यांना चुकीचे पत्र गेले, त्या प्रत्येकाला दुसरे पत्र लिहिले. मग व्याख्येच्या जागी जाऊन ते संदिग्ध नाव बदलून 'आगाऊ शिल्लक' असे केले. एडिटरने ते जिथे जिथे वापरले होते, तिथे तिथे बदलून दिले. आमच्यानंतर येणाऱ्याला निदान ही ठेच लागू नये.

निघताना ते गृहस्थ एवढेच म्हणाले, "चूक सापडली ना? मग झाले." पावत्या पुन्हा फडक्यात बांधून ते मोटारीच्या वेळेस निघून गेले.