लहान माशी, मोठा गळ

मैत्रिणींनो, विणलेला स्वेटर समोर ठेवून त्याचा नमुना उचलायचा, ही कला आपल्या सगळ्यांना येते. फारच अडलं तर कोपऱ्यातले चार टाके उसवून बघायचे. पण उसवायची सोयच नसेल तर? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यावर तशीच वेळ आली. नमुना स्वेटरचा नव्हता, मासे धरायच्या गळावर बांधलेल्या माशीचा होता!

हसू नका. सांगते.

माझा मोठा भाऊ बँकेच्या नोकरीनिमित्त कुलूला गेला आणि तिकडचाच झाला. वहिनी बार्शीची. तिकडच्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. हा मूळचा आपल्याकडचा नव्हे. १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणली, आणि पुढे तो हिमाचलातल्या नद्यांतही सोडला. परवाना काढून हौशी लोक तो गळानं धरतात. दादाला हा नाद लागला, आणि त्याच्या माश्या बांधायचं काम वहिनीनं आपल्याकडे घेतलं. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. त्यानंतर दादा नदीवर गेलाच नाही.

दिवाळीत तो जेऊरच्या स्टेशनावर उतरला, तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि एक पत्र्याचा डबा होता. दोन दिवस त्यानं तो उघडलाही नाही. भाऊबीज झाली आणि संध्याकाळी हळूच माझ्यापुढे ठेवला. आत रेशमी दोऱ्याची रिळं, कोंबड्याच्या मानेची पिसं, मेजाच्या कडेला लावायचा छोटासा व्हाइस, रिकामे गळ आणि बांधलेली एकच माशी.

"तुझा हात वहिनीसारखा आहे," तो म्हणाला, "मला आता दिसत नाही गं."

पन्नाशीच्या माणसाला चाळिशीचा चष्मा असणारच. पण ते अठरा नंबरचे गळ पाहून माझेही डोळे फिरले. गळांचे नंबर आपल्या सुयांसारखेच उलटे, आकडा मोठा तितका गळ बारीक. अठरा नंबरचा गळ म्हणजे तांदळाच्या कणीशी बरोबरी. त्यावर दोरा गुंडाळताना तो माझ्या बोटांतून तीनदा निसटला.

मग मी डब्यातली ती एकुलती एक माशी नीट पाहिली. वहिनीनं शेवटच्या वर्षात बांधलेली. गळ चांगला चौदा नंबरचा, पण माशी इवलीशी, अठराच्याच मापाची. पुढच्या अर्ध्या भागात सगळा संसार, मागची तार तशीच उघडी. मला वाटलं, तब्येतीमुळे अर्धवट राहिली असेल.

"अर्धवट नाही," दादा म्हणाला. "तिची बोटं बधिर व्हायला लागली होती. बारीक गळ धरवेना, म्हणून मोठा घेतला. पण मासा लहानच माशी मागतो, म्हणून माशी लहानच ठेवली." थोडा वेळ थांबून म्हणाला, "उसवून बघ हवी तर."

बायांनो, माझा हात पुढे झाला नाही. सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग आणलं आणि वेढे मोजत बसले. शेपटीला चार-पाच कडक तंतू. अंगाला मातकट दोऱ्याचा एकच थर. तोंडाशी उभं पीस, पाच वेढे. शेवटी काजाच्या टाक्यासारख्या बारीक गाठी आणि वर रंग नसलेल्या नेलपॉलिशचा थेंब. कागदावर सगळं उतरवलं, जाळीच्या विणीचा नमुना उतरवतो तसं.

तरी पहिली माशी फसलीच. आमचं माहेर उजनीच्या पाण्याकडेचं. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी आमच्या शिवाराला येऊन टेकलं. लहानपणी दादाबरोबर चिलापी धरायला जायचो, तेव्हा कणकेची गोळी गळाला लावताना एकच नियम होता: लोखंड दिसता कामा नये. तोच मनात धरून मी चौदाचा गळ शेवटपर्यंत झाकला. झाली की माशी गलेलठ्ठ! वाटीतल्या पाण्यात टाकली तर डबकन बुडाली. दादा किती दिवसांनी मोठ्यानं हसला.

मग त्यानं समजावलं. कणकेची गोळी मासा खायला येतो. इथं तो फसतो तो पाण्यावर तरंगणाऱ्या किड्याच्या आकाराला. पीस आडवं गुंडाळलं की त्याचे तंतू पायांसारखे पाण्याच्या पृष्ठावर टेकतात आणि माशी तरंगते. खालून बघणाऱ्या माशाला तो ठसा दिसतो, मागच्या उघड्या तारेकडे तो सहसा लक्ष देत नाही. म्हणून पीस निवडायचं ते माशीच्या मापानं, गळाच्या नव्हे. मोठा गळ जड असतो, म्हणून त्यातल्या त्यात बारीक तारेचा घ्यायचा आणि पिसाचे एक-दोन वेढे वाढवायचे. पीसही कोंबड्याचंच हवं, ते कडक असतं. कोंबडीचं मऊ पीस पाणी पितं, ते बुडणाऱ्या माशीला चालतं. आणि मोठ्या गळाचा आणखी एक फायदा: बारीक गळाचा आकडा अरुंद, त्यात तोंडाची जेमतेम कातडी अडकते, मोठा मासा हिसका देऊन जातो किंवा तार वाकवतो. रुंद आकडा घट्ट धरतो.

दुसरी माशी बांधताना सगळ्यांत अवघड काय गेलं ठाऊक आहे? हात आवरणं. समोर रिकामी जागा दिसली की ती भरायची, ही आपली सवय. रिकामा कोपरा, रिकामी दुपार, गप्प बसलेला पाहुणा, काही म्हणून मोकळं सोडवत नाही. त्या दोन दिवसांत मी दादालाही बोलतं करायला धडपडत होते. नंतर नुसतीच शेजारी बसून दोरा गुंडाळत राहिले, तेव्हा तो आपणहून वहिनीबद्दल बोलला. खूप बोलला.

आमच्या सासूबाई माळकरी. पिसं उंबऱ्याच्या आत नकोत, असा हुकूम झाला, म्हणून सगळं काम ओसरीवर. दादानं त्यांना सांगितलं, "मावशी, मी गळाचा काटा चिमट्यानं दाबून टाकतो, मासा सोडून देतो."

"सोडायचाच तर धरायचा कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

दादा म्हणाला, "नदीवर जायला काहीतरी निमित्त लागतं, मावशी." यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ओसरीवरचा दिवा बदलून जास्त उजेडाचा लावला होता.

स्कॉटलंडमध्ये मेगन बॉइड नावाची एक बाई होऊन गेली. समुद्राकाठच्या लहानशा घरात तिनं आयुष्यभर सॅमन माशासाठी माश्या बांधल्या. १९७१ साली तिला ब्रिटिश सरकारचं पदकही मिळालं. पण तिनं स्वतः कधी मासा धरला नाही म्हणे. मला ती एकदम ओळखीची वाटली. आपण नाही का, स्वतः कधी न घातलेले कितीतरी स्वेटर विणत आलो?

दादा गेला तेव्हा डब्यात माझ्या नऊ माश्या होत्या. वहिनीची दहावी, वेगळ्या कप्प्यात.

हिमाचलात ट्राउटची बंदी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असते. मार्चच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी फोन आला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"मोठा होता गं. शेवटच्या क्षणी सुटला. पण गळ वाकला नाही! आणखी सहा बांधून पाठव."

मी फोन ठेवला तर सासूबाई दारात उभ्या.

"लागला का मासा?"

"लागला होता, आई. सुटला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि भिंग माझ्या हातात देऊन देवघराकडे वळल्या.