संक्रांतीचे भेटकार्ड

संक्रांतीचे भेटकार्ड दिवाळीच्या कार्डापेक्षा लहान असते आणि त्याच्या पोटातल्या पुडीत चिमूटभर तीळ किंवा काटेरी हलव्याचे चार दाणे असतात. टपालाचा शिक्का नेमका त्या पुडीवर बसला तर हलव्याचा चुरा होतो. तो चुराही बोटाने टिपून खाल्ला जातो, कारण तो लातूरच्या मैत्रिणीने नांदेडला पाठवलेला असतो.

छापील मजकूर सगळ्या कार्डांवर जवळपास सारखाच असतो. मैत्रिणीला कार्ड लिहायचे म्हणजे त्या मजकुराखाली उरलेली तीन बोटे जागा भरायची. पूर्वी कार्डे बहुधा बुकपोस्टाने जात. त्याला तिकीट कमी लागे, पण पाकिटाची जीभ चिकटवता येत नसे, नुसती आत खोचायची. सासरच्या दारात पोस्टमनच्या हातून जो पाकीट घेईल, तो ते उघडून वाचणार, हे धरूनच चालावे लागे. मनातले लिहायचे असेल तर पुरे तिकीट लावून पाकीट बंद करणे आले. १५ ऑगस्ट १९७२ पासून पत्त्याखाली पिन कोड आला. नांदेडचा ४३१६०१, लातूरचा ४१३५१२. सुरुवातीचे तीन अंक तेच, नुसते उलटसुलट. घाईत हमखास चुकतात.

पाकिटावरचे नाव आणि आतले नाव मात्र पुष्कळदा एक नसते. लग्नात मुलीचे पाळण्यातले नाव बदलण्याची चाल मराठवाड्यातल्या अनेक घरांत होती. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवे नाव लिहितो आणि मुलगी त्या नावाने सासरी जाते. पाकिटावर तेच घालावे लागते, आधी ‘सौ.’ आणि पुढे नवऱ्याचे नाव, आडनाव. आत मात्र लातूरच्या कॉलेजात हजेरीला पुकारले जाई ते नाव, नाहीतर वसतिगृहाच्या खोलीत पडलेले त्याचे लाडके रूप. माहेरी आईवडील गेले की त्या नावाने हाक मारणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरतात. म्हणून कार्डातला सर्वांत मोलाचा शब्द मायन्यातच असतो. ‘सप्रेम नमस्कार’ तिथे परका वाटतो. नुसते नाव लिहून स्वल्पविराम द्यावा, पुरते.

मायन्यानंतर ‘तुझी खूप आठवण येते’ असे लिहावेसे वाटते. ते खरेच असते, पण ते कोणीही कोणालाही लिहू शकते. आठवण कशाने झाली ते लिहिले की ओळ तिची एकटीची होते. लातूरकडच्या मैत्रिणीला त्यासाठी लांब जावे लागत नाही. संक्रांतीच्या थोडे आधी, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवस होऊन गेलेली असते. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार भरते. कडब्याच्या कोपीत पूजा होते, मग आल्यागेल्याला हाताला धरून जेवायला बसवतात. बाजरीचे उंडे, तुरी-हरभऱ्याचे हिरवे दाणे घातलेली भज्जी, मडक्यातली गार आंबील. कधीकाळी वसतिगृहातून सुट्टी काढून त्या कोपीत जेवलेल्या मैत्रिणीला ‘यंदा आंबील चांगली आंबली होती, तुझा तांब्या भरून ठेवला होता’ एवढे लिहिले तरी ती पुढचे सगळे आपोआप वाचते.

ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलेले असते, तिथे रंगीत कार्ड पाठवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसे गेली आणि साडेतीन महिन्यांत संक्रांत आली. अशा घरी साधे पत्र जाते. त्यात तिळगूळ नसतो, शुभेच्छा नसते, गेलेल्या माणसाचे नाव मात्र असावे. ते टाळून इकडचेतिकडचे लिहिणे हीच तिथे दुखावणारी गोष्ट होते.

आता संक्रांतीच्या पहाटेपासून मोबाइलवर तिळाच्या लाडवांची चित्रे येतात आणि एकच चित्र पन्नास जणींना जाते. हाताने लिहिलेले कार्ड एकीलाच जाते. अक्षर वाकडे झाले, एखादा शब्द खोडला, तरी नवे कार्ड घेऊ नये. खोडलेल्या शब्दाखाली आधी काय होते, ते मैत्रीण उजेडात धरून पाहतेच.

कार्ड उशिरा पोचले तरी बिघडत नाही. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता-घेता येतो, आणि उत्तरालाही तीच मुदत असते.