फुकटची हवा

जगात दोनच गोष्टी फुकट मिळतात, असं आमच्या मेहुण्यांचं मत आहे : हवा आणि भावोजींचा सल्ला. (भावोजी म्हणजे अस्मादिक.) सल्ल्याचं राहू द्या, पण हवा फुकट असते ती फक्त नाकापर्यंत. एकदा का ती कॉम्प्रेसरमध्ये शिरली, की तिच्यासारखी खर्चिक चीज कारखान्यात दुसरी नाही. तिला 100 रुपयांची वीज पाजा. 80-90 रुपये उष्णता होऊन उडून जातात. एवढे लाड सासुरवाडीला आमचेही होत नाहीत!

मेहुण्यांचा भोसरीला छोटासा कारखाना आहे. घरी गीझर पाच मिनिटं जास्त चालला तर हा गृहस्थ घर डोक्यावर घेतो. कारखान्यात मात्र पाइपांच्या सांध्यांतून अखंड 'फुस्स' चाललेलं! पाणी गळलं तर ओल येते, तेल गळलं तर पाय घसरतो. हवा गळली तर नुसता आवाज होतो, आणि कारखान्यात आवाजाला विचारतो कोण? 7 बार दाबाला 3 मिलिमीटरच्या एका भोकापायी सुमारे 3 किलोवॉट वीज जाते. म्हणजे दीड गीझर, रात्रंदिवस. बरं, हवा पुरेना म्हणून दाब वाढवावा, तर दर बारमागे 6-7 टक्के वीज जास्त, आणि भोकंही दुप्पट उत्साहानं फुसफुसायला लागतात.

विजेचं बिल फारच वाढलं तेव्हा मेहुण्यांनी काटकसर सुरू केली. दुपारचा चहा बंद झाला. पुढच्या महिन्यापासून एक हेल्पर कमी करायचंही ठरलं. पोरगा लग्नाचा. म्हातारा फिटर एवढंच म्हणाला, "शेठ, गुरुवारी सुट्टीच्या दिवशी एकदा येऊन बघा."

आम्ही दोघं गेलो. शेडमध्ये चिटपाखरू नाही, सगळी मशिनं बंद, आणि कॉम्प्रेसर आपला मिनिटभर धापा टाकतोय, चार मिनिटं गप्प बसतोय, पुन्हा धापा टाकतोय.

"अरे, हवा वापरतंय कोण?" मेहुणे ओरडले.

"भोकं," फिटर म्हणाला. "पाचातलं एक मिनिट. म्हणजे 20 टक्के हवा त्यांची."

मेहुण्यांनी तिथेच पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. भोकांचा पगार हेल्परपेक्षा जास्त निघाला. ओव्हरटाइम धरून!

पुढच्या गुरुवारी साबणाच्या फेसाचा डबा आणि ब्रश त्या हेल्परच्याच हाती दिला. सांध्याला फेस फासायचा, बुडबुडा आला की खडूची खूण. संध्याकाळपर्यंत 26 खुणा झाल्या. बाकी मग वॉशर, टेफ्लॉन टेप आणि दोन-चार चिरलेल्या नळ्या, एवढ्यावर भागलं. जेवणाच्या सुट्टीत त्याच हवेनं कपडे झटकायची पद्धत होती, तीही बंद झाली. डोळ्यांच्या दृष्टीनं ती आधीच व्हायला हवी होती. फिटरनं दाब हळूच 8 वरून 7 वर आणला. आठवडाभर कुणाला पत्ताही नव्हता.

पोरगा कामावर आहे. दुपारचा चहाही पुन्हा येतो. कप मात्र पूर्वीपेक्षा लहान आहेत, हे मी स्वतः पिऊन पाहिलंय.