पिकल्या केसांचा रुबाब

पन्नाशी उलटली की पुष्कळांचा हात कलपाच्या डबीकडे जातो. मीही त्याच वयाचा, म्हणून विचारतो, पुरुषाचा रुबाब काळ्या केसांत असतो काय?

बाबा आमट्यांना पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नसे. उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. तरी १९८५ च्या डिसेंबरात, सत्तरी गाठलेली असताना, ते 'भारत जोडो' म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण पोरे सायकली घेऊन सोबत गेली. अंगात साधी बंडी. पाठीशी मात्र आनंदवनात कुष्ठरोग्यांसाठी वेचलेली वर्षे.

घरात पोरगा आपला शब्द मानत नसेल, तर आरशाआधी आपले दिवस तपासा. दाणे भरल्यावर कणीस वाकते. शेतकऱ्याची नजर तेव्हाच त्यावर ठरते.